एका बसमागे किती माणसं?

या वीकेंडला सुरुवात एका साध्या भागाकाराने करू. २०२१ च्या संपाच्या वेळी एसटी महामंडळात साधारण ९३ हजार कर्मचारी होते आणि गाड्या होत्या सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे एका बसमागे पावणेसहा माणसं. आपल्यासारख्या आयटीवाल्यांच्या डोक्यात लगेच घंटी वाजते... ओव्हरस्टाफिंग! बस चालवायला एक, तिकीट फाडायला एक. मग उरलेले पावणेचार करतात काय?

थांबा जरा. आपल्या प्रोजेक्टला चोवीस तास सपोर्ट द्यायचा असेल तर रोटा कसा लावतो ते आठवा. पहाटे साडेपाचला निघालेली गाडी रात्री साडेनऊपर्यंत पळणार असेल, तर आठ-आठ तासांच्या दोन ड्युट्या होतात. म्हणजे दोन चालक, दोन वाहक. झाले चार. त्यांना साप्ताहिक सुट्टी हवी, रजा हवी, कधी ताप येणार, म्हणजे बदली माणूस आलाच. मग डेपोतले मेकॅनिक, स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक, रोकड मोजणारे, वर्कशॉपमधले, ऑफिसातले. बेरीज करा, साडेपाच-सहा कधी होतात कळतही नाही. थोडक्यात, हेडकाउंटमध्ये फार मोठी चरबी सापडत नाही.

मग एसटीच्या पगाराचं भिजत घोंगडं इतकी वर्षं का पडलंय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि तेही नगरला (आताचं अहिल्यानगर, पण या गोष्टीतलं नगर जुनंच आहे).

१ जून १९४८. एसटीची पहिली बस धावली ती नगर-पुणे रस्त्यावर. गाडी बेडफर्डची, बॉडी लाकडी, सीटांमध्ये काथ्या. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. एका गाडीमागे दोन माणसं, असा हिशोब तेव्हा खरोखरच डोळ्यांना दिसत होता.

दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, मार्ग परिवहन महामंडळांचा केंद्रीय कायदा आला. आपल्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. या कायद्याच्या २२ व्या कलमात म्हटलंय की महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वावर करावा. वाचायला किती निरुपद्रवी वाटतं! पण याचा अर्थ असा झाला की तलाठी, शिक्षक, पोलीस यांचा पगार सरकारी तिजोरीतून, आणि कंडक्टरचा पगार त्याच्याच खांद्यावरच्या तिकिटाच्या बॅगेतून. गाडी भरली तर पगार. नाही भरली तर बघू.

बरं, व्यवसाय म्हणावा तर तो धड व्यवसायही नाही. भाडं ठरवायला सरकारची परवानगी. तिकिटावर वर्षानुवर्षं १७.५ टक्के प्रवासी कर. सवलती सरकार जाहीर करणार आणि त्यांचे पैसे महामंडळाला मागाहून देणार. आणि गावं? क्षेत्रफळाने नगर हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके. अकोले, जामखेड, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांच्या गावांना रेल्वे नाही. अशा भागातल्या मुक्कामी गाडीत रात्री किती तिकिटं फाटणार? खाजगी कंपनीने ती गाडी पहिल्याच क्वार्टरमध्ये बंद केली असती. एसटी चालवते, कारण सकाळी त्याच गाडीने पोरंपोरी कॉलेजला जातात. पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत, आणि त्या योजनेला नावही अहिल्याबाई होळकरांचं.

म्हणजे काम सरकारचं, हिशोब दुकानाचा. आणि या दोन्हीमधला फरक भरून निघाला कशातून? बऱ्याच अंशी पगारातून.

एसटीत वेतनवाढ व्हायची ती दर चार वर्षांच्या करारातून. सरकारी कर्मचाऱ्यांना वेतन आयोग, यांना वाटाघाटी. ही दरी वाढत गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत चार दिवस संप झाला, मागणी सातव्या वेतन आयोगाची. हायकोर्टाने तो बेकायदा ठरवला. पुढे १ जून २०१८ ला, म्हणजे एसटीच्या सत्तराव्या वाढदिवशी, चार वर्षांसाठी ४,८४९ कोटींची वाढ जाहीर झाली. आकडा ऐकून आपले डोळे विस्फारतात. पण एक लाख माणसांनी आणि अठ्ठेचाळीस महिन्यांनी भागून बघा: डोकी महिन्याला दहा हजार. तोही महामंडळाचा एकूण खर्च, हातात पडणारी रक्कम नव्हे. वाढ पुरेशी नाही म्हणत आठवडाभरात पुन्हा संप झाला.

मग आला कोव्हिड. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या, आणि तिकिटाच्या बॅगेवर उभं असलेलं पगाराचं गणित एका झटक्यात कोसळलं. पगार महिने-महिने रखडले. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने एक हजार कोटी दिले तेव्हा कुठे थकलेले पगार निघू लागले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संप पेटला. त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या राज्यभरातून येत होत्या, नगर जिल्ह्यातूनही आली. मागणी आता वाढीची नव्हती. मागणी एकच: विलीनीकरण. आम्हाला सरकारी कर्मचारी करा, पगार तिजोरीतून द्या.

सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये पगार वाढवला. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांचं मूळ वेतन १२,०८० वरून १७,०८० वर गेलं, एकूण पगार १७,३९५ वरून २४,५९४ वर. मंत्री म्हणाले ४१ टक्के वाढ, आणि ते खरंच होतं. पण दुसऱ्या बाजूने वाचा: रोज पन्नास-साठ माणसांचा जीव हातात घेऊन घाट उतरणाऱ्या माणसाचा पगार त्याआधी सतरा हजार होता! संप मिटला एप्रिल २०२२ मध्ये, हायकोर्टाने २२ एप्रिलपर्यंत कामावर परत यायला सांगितल्यावर. विलीनीकरण झालं नाही. मुख्य सचिवांच्या समितीने ते शक्य नाही म्हटलं, पण चार वर्षं पगारासाठी सरकारने मदत करावी असंही सुचवलं.

शेजारी काय झालं? आंध्रने १ जानेवारी २०२० पासून परिवहनच्या पन्नास हजारांवर कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घेतलं. तेलंगणात २०१९ मध्ये ५२ दिवसांचा संप झाला. सरकार तेव्हा ढिम्म हललं नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच सरकारने सामावून घेण्याचं विधेयक मंजूर केलं.

विलीनीकरण फुकट नसतं, हेही मान्य. पगार, पेन्शन आणि व्याज यातच राज्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जातो, आणि अर्थखात्याची भीती खोटी नाही. पण महाराष्ट्राने मधलाच रस्ता धरलाय. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. या सवलतींचे पैसे सरकार देतं. म्हणजे पगाराचा मोठा भाग आज तिजोरीवरच टेकलाय, फक्त तसं म्हणायचं नाही!

दुसरीकडे माणसं कमी होत चालली आहेत. २०२४ मध्ये आकडा ८७ हजारांवर आला होता. त्या सप्टेंबरमधल्या संपानंतर मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ झाली. जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा निघाला १०,३२२ कोटी. २०२३ मध्ये ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्याने घ्यायचा करार झाला, त्यात गाडीही कंत्राटदाराची आणि चालकही. एसटी किलोमीटरमागे पैसे मोजणार. आपल्याकडे याला आउटसोर्सिंग म्हणतात. हेडकाउंट कमी दिसतो, खर्च दुसऱ्या कॉलममध्ये जातो.

पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' १ जून २०२२ ला धावली, आणि तीही पुणे-नगर रस्त्यावरच. तारीख तीच, रस्ता तोच. एका बसमागची माणसं पावणेसहाची साडेचार करता येतीलही. पण पाथर्डीच्या पलीकडची मुक्कामी गाडी हवी असेल, तर ती चालवणाऱ्याचा पगार त्या गाडीच्या तिकिटांतून निघणार नाही. १९४८ मध्ये निघत असेल, आता नाही. तो कुणीतरी द्यायचाच आहे. कोण देणार, हे कायद्यात स्पष्ट लिहीपर्यंत दर दोन-चार वर्षांनी स्टँड ओस पडणार, आणि आपण म्हणणार, "या एसटीवाल्यांचं काय हे नेहमीचंच!"

असो. पुढच्या वेळी पुणे-नगर गाडीत बसलात तर कंडक्टरला सुट्टे पैसे द्या.