मेनू नाहीसा झाला तेव्हा : ‘ऑफिस २००७’ आणि वापरकर्त्यांचा रोष

१/
३० जानेवारी २००७. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज व्हिस्टा’ आणि ‘ऑफिस २००७’ एकाच दिवशी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणले. व्हिस्टावर झालेली टीका सर्वश्रुत आहे. ऑफिसच्या वाट्याला आलेला रोष मात्र वेगळ्या जातीचा होता. प्रोग्राम बंद पडतो, अशी ती तक्रार नव्हती. आपल्याच घरात रात्रीतून कोणीतरी दारे-खिडक्या हलवल्या, अशी ती भावना होती. त्या रोषाचा हा इतिहास.

२/
नेमके काय नाहीसे झाले होते? फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स ही खिडकीच्या माथ्यावरची शब्दांची ओळ. १९८९ साली विंडोजसाठी पहिले ‘वर्ड’ आले, तेव्हापासून ही ओळ तिथे होती. २००७ मध्ये तिच्या जागी चित्रे आणि बटणे असलेली एक रुंद पट्टी आली : ‘रिबन’. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि अ‍ॅक्सेस या चौघांचे रूप पूर्ण पालटले. आउटलुकमध्ये ती पत्रलेखनासारख्या काही खिडक्यांपुरतीच आली.

३/
हा बदल लहरीखातर झालेला नव्हता. विंडोजसाठीच्या पहिल्या वर्डमध्ये टूलबार होते दोन. वर्ड ९७ मध्ये ते १८ झाले. वर्ड २००३ मध्ये ३१ टूलबार आणि त्यांच्या जोडीला १९ ‘टास्क पेन’ होते. आज्ञांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली होती. वाड्याला दर पिढीने एकेक खोली जोडावी आणि अखेरीस जिना कुठे आहे हे घरच्यांनाही सांगता येऊ नये, तशी ही अवस्था.

४/
या पसाऱ्यावर उपाय यापूर्वीही झाले होते. ऑफिस २००० मध्ये मेनू ‘शहाणे’ करण्यात आले : ज्या आज्ञा क्वचित वापरल्या जातात, त्या आपोआप लपत. कल्पना चांगली, परिणाम उलटा. काल दिसलेली आज्ञा आज जागेवर नसे. लपलेली यादी उघडण्यासाठी खालच्या बाणावर टिचकी मारावी लागे, आणि पुष्कळांनी पहिल्याच आठवड्यात ही सोय बंद करून टाकली.

५/
त्याआधीचा उपाय अधिक प्रसिद्ध आहे. ऑफिस ९७ मधील डोळे मिचकावणारी कागदाची टाचणी. कंपनीने तिचे नाव ‘क्लिपिट’ ठेवले होते, लोकांनी तिला ‘क्लिपी’ केले. पत्राचा मायना टंकताच ती ‘मदत करू का?’ म्हणून पुढे येई. तिची इतकी थट्टा झाली, की २००१ च्या ऑफिस एक्सपीच्या जाहिरातीत खुद्द मायक्रोसॉफ्टनेच तिला विनोदाचा विषय केले. ऑफिस २००७ मधून ती कायमची गेली. तिच्यासाठी अश्रू ढाळणारे फारसे कोणी नव्हते.

६/
वापरकर्त्यांच्या रागाची परंपराही जुनीच. १९९४ मध्ये मॅकसाठी वर्ड ६ आले. विंडोज आणि मॅक या दोहोंसाठी एकाच मुळावरून ते घडवले होते. मॅकवाल्यांचे आधीच्या ५.१ या आवृत्तीवर प्रेम होते. नवी आवृत्ती त्यांना संथ आणि परकी वाटली, मॅकवर विंडोज लादल्यासारखी. पुढे वर्ड ९७ ने फाइलची रचना बदलली, तेव्हा जुन्या वर्डमध्ये त्या फाइली उघडेनात. त्याही वेळी कार्यालयांत मोठा गोंधळ उडाला.

७/
ऑफिस २००३ ने एक नवी गोष्ट शक्य केली. संमती देणाऱ्या वापरकर्त्यांच्या संगणकावरून, कोणती आज्ञा किती वेळा वापरली गेली याची निनावी नोंद कंपनीकडे जाऊ लागली. निष्कर्ष रंजक होते. वर्डमध्ये सर्वाधिक वापर ‘पेस्ट’चा, सर्व आज्ञांच्या ११ टक्क्यांहून अधिक. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाच आज्ञा मिळून सुमारे ३२ टक्के. हजारोंच्या गर्दीत पाच जणीच अखंड राबत होत्या.

८/
दुसरे निरीक्षण कंपनीच्या जिव्हारी लागणारे होते. ग्राहक ज्या नव्या सोयी मागत, त्यांतल्या बऱ्याच ऑफिसमध्ये आधीपासून होत्या. त्या कोणाला सापडतच नव्हत्या. स्टीव्हन सिनोफ्स्की तेव्हा ऑफिस विभागाचे प्रमुख होते. ज्युली लार्सन-ग्रीन आणि जेन्सन हॅरिस यांच्या चमूने मेनूची डागडुजी सोडून तो पायापासून नव्याने बांधण्याचे ठरवले. सप्टेंबर २००५ मध्ये हे नवे रूप प्रथम जगापुढे आले, आणि त्यामागची कारणे हॅरिस जाहीरपणे लिहू लागले.

९/
यातला सर्वांत धाडसी निर्णय रिबनचा नव्हता. तो होता परतीचा मार्ग बंद करण्याचा. ‘जुना मेनू दाखवा’ असे बटण ऑफिस २००७ मध्ये कुठेही नव्हते. युक्तिवाद सरळ होता : ते बटण ठेवले तर बहुतेक जण ते दाबतील आणि नवे कधीच शिकणार नाहीत. शिवाय प्रत्येक नवी सोय पुढची अनेक वर्षे दोन ठिकाणी बसवावी लागेल. तर्क बिनतोड होता. रोषाचे मूळही त्यातच होते.

१०/
पहिला गोंधळ अगदी साध्या कामात झाला : छापायचे कसे? सेव्ह, ओपन, प्रिंट या आज्ञा वरच्या डाव्या कोपऱ्यातील एका गोल, रंगीत चिन्हामागे ठेवलेल्या होत्या. ते चिन्ह इतके शोभिवंत होते, की पुष्कळांना ते बोधचिन्हच वाटले. दाबायचे बटण म्हणून त्याकडे कोणी पाहिलेच नाही. वीस वर्षे काम केलेली माणसे समोर तयार मजकूर घेऊन प्रिंटची आज्ञा शोधत बसली.

११/
दुसरी तक्रार तज्ज्ञांची. हिशेबनीस, विश्लेषक, संपादक अशा मंडळींनी वर्षानुवर्षे आपल्या सोयीचे टूलबार रचले होते. लागणारी बटणे हवी तिथे, नको ती दूर. कारागिराने आपली हत्यारे मांडावीत तशी ही मांडणी होती. ऑफिस २००७ मध्ये रिबनची रचना सामान्य वापरकर्त्याला बदलता येत नव्हती. वरच्या काठावर एक छोटी ‘क्विक अ‍ॅक्सेस’ पट्टी तेवढी त्याच्या हाती उरली.

१२/
रचनाकारांना या वर्गाची जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही हे संक्षेप तसेच राहिले. त्याहून विशेष म्हणजे, एक्सेलमध्ये ‘पेस्ट स्पेशल’साठी आल्ट, ई, एस या कळा दाबण्याची जुनी सवयही चालू राहिली. ‘एडिट’ मेनू पडद्यावरून पुसला गेला होता, पण बोटांसाठी तो अदृश्य रूपात जिवंत ठेवला होता. बोटांची स्मृती डोळ्यांच्या स्मृतीहून चिवट असते, हे त्यांनी ओळखले होते.

१३/
तिसरी तक्रार जागेची. त्या काळी १०२४ बाय ७६८ बिंदूंचे पडदे सर्रास होते. त्यावर रिबनची उंची डोळ्यांत भरे आणि मजकुराच्या ओळी कमी दिसत. कंट्रोल-एफ१ दाबून पट्टी मिटवता येत होती, पण ही सोयसुद्धा ‘न सापडणाऱ्या सोयीं’पैकीच एक ठरली.

१४/
दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ज्यांनी जुना मेनू कधी पाठ केलाच नव्हता, त्यांना रिबन सुकर वाटली. एखादी शैली निवडण्यापूर्वीच तिचा परिणाम पानावर दिसू लागला. एक्सेलच्या तक्त्यात पूर्वी ६५,५३६ ओळी आणि २५६ स्तंभ मावत, आता १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ मावू लागले. नवशिक्याचा लाभ आणि जाणत्याची हानी एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आली.

१५/
मग न आवडणाऱ्यांनी जुनेच का वापरले नाही? अनेकांनी तसे केलेही. पण नव्या वर्डची फाइल ‘डॉक’ऐवजी ‘डॉकएक्स’ होती. कार्यालयातल्या एकाने नवे ऑफिस घेतले, की त्याने पाठवलेली फाइल बाकीच्यांकडे उघडेना. मायक्रोसॉफ्टने जुन्या ऑफिससाठी मोफत पूरक संच दिला होता, मात्र तो शोधून बसवण्याचे काम न मागता गळ्यात पडले होते. बदलाची सक्ती विक्रेत्याने केली नाही, ती शेजारच्या टेबलावरून झाली.

१६/
मराठी कार्यालयांना हा अनुभव अपरिचित नव्हता. युनिकोड रुळण्यापूर्वी खास फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांचा सडा पडे. फाइल उघडली तरी मजकूर हाती लागेलच याची खात्री नसते, हा धडा इथल्या टंकलेखकांनी फार आधी घेतला होता. ‘एमएस-सीआयटी’च्या वर्गांत वर्ड शिकलेल्या पिढीसाठी मेनूतली जागा हेच तर ज्ञान होते.

१७/
फाइलच्या रचनेचा वाद आंतरराष्ट्रीय व्यासपीठावरही गेला. ‘ओडीएफ’ या खुल्या रचनेला आयएसओची मान्यता २००६ मध्येच मिळाली होती. मायक्रोसॉफ्टने आपली रचना प्रमाण ठरावी यासाठी प्रयत्न केले. भारतीय मानक ब्युरोने सप्टेंबर २००७ मध्ये विरोधात मत दिले आणि २००८ मध्येही तीच भूमिका ठेवली. तरी एप्रिल २००८ मध्ये प्रस्ताव संमत झाला. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी केलेली अपिले त्याच वर्षी फेटाळली गेली.

१८/
एक तुलना उद्बोधक आहे. सप्टेंबर २००७ मध्ये एक्सेल २००७ मध्ये खरा दोष आढळला : ८५० गुणिले ७७.१ याचे उत्तर ६५,५३५ ऐवजी १,००,००० असे दिसे. हिशेबाच्या साधनात याहून गंभीर चूक कोणती? पण काही आठवड्यांत ती दुरुस्त झाली आणि लोक विसरून गेले. रिबनमध्ये असा दोष नव्हता, तरी तिच्याविषयीची तक्रार अनेक वर्षे टिकली. चूक दुरुस्त करता येते. मोडलेली सवय नव्याने घडवावी लागते, आणि तो वेळ कोणी भरून देत नाही.

१९/
रोषाने एक छोटी बाजारपेठही निर्माण केली. जुना मेनू परत आणून देणारे पूरक प्रोग्राम निघाले. जुन्या मेनूतली आज्ञा दाबताच तिची नवी जागा दाखवणारी मार्गदर्शिका मायक्रोसॉफ्टनेच प्रसिद्ध केली. काहींनी मेनू टिकवून धरणाऱ्या ‘ओपनऑफिस’चा आश्रय घेतला. २०१० मध्ये त्यातून फुटून निघालेल्या ‘लिब्रेऑफिस’ने २०१७ मध्ये रिबनसारखी पट्टी दिली, पण ऐच्छिक. जे बटण २००७ मध्ये नाकारले गेले, ते इथे उपलब्ध होते.

२०/
कंपनीने माघार घेतली का? अंशतः. ऑफिस २०१० मध्ये गोल चिन्ह गेले आणि ‘फाइल’ हा जुना शब्द आपल्या कोपऱ्यात परतला. रिबनची रचना बदलण्याची मुभा मिळाली. मूळ मेनू मात्र विंडोजवर परतला नाही. याउलट २०१२ मध्ये, सिनोफ्स्की यांच्याच नेतृत्वाखाली, विंडोज ८ मधून स्टार्ट मेनू काढला गेला, आणि तो २०१५ च्या विंडोज १० मध्ये परत आणावा लागला. रिबन टिकली, कारण ती लोकांना खरोखर भेडसावणाऱ्या अडचणीचे उत्तर होती.

२१/
तरीही रागावलेले लोक अडाणी किंवा आळशी नव्हते. आकडे सरासरीचे बोलत होते. वर्षाला एकदाच कोणी वापरत असेल अशी एखादी आज्ञा एखाद्या हिशेबनिसाची रोजची भाकर असते, आणि टक्केवारीत तो दिसत नाही. त्याच्या दहा वर्षांच्या सरावाला बाजारात किंमत होती, कार्यालयात मान होता. एका आवृत्तीने त्याला नवशिक्याच्या शेजारी बसवले. त्याची तक्रार बटणांपेक्षा या पदावनतीविषयी अधिक होती.

२२/
तेव्हा निदान निवड होती. ऑफिस २००३ ला ८ एप्रिल २०१४ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहिल्या, त्यामुळे सात वर्षे जुन्या मेनूसह काढता आली. आज ऑफिस वर्गणीवर मिळते आणि नव्या आवृत्त्या न विचारता येतात. ज्यांनी कधी मेनू पाहिलाच नाही, त्यांच्या बोटांत आता रिबन भिनली आहे. तीही एक दिवस बदलेल. त्या दिवशी २००७ मधल्या त्या हिशेबनिसाचे म्हणणे या पिढीला नीट कळेल.

(थ्रेड समाप्त)