शीत आणि जठराग्नी : देवगिरीच्या एका टीकाग्रंथाच्या अनुषंगाने

छत्रपती संभाजीनगरजवळील देवगिरी येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री असलेला हेमाद्री ‘चतुर्वर्गचिंतामणी’मुळे सुविख्यात आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष त्या मानाने कमी गेले.

मूळ ग्रंथाच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. हेमंतातील शीतामुळे देहातील उष्मा आत कोंडला जाऊन बलवान पुरुषाचा अग्नी प्रबळ होतो. अन्नरूपी इंधन न मिळाल्यास तो धातूंनाच पचवू लागतो. म्हणून मधुर, अम्ल व लवण रसांचे सेवन करावे, असा तेथील आशय आहे. येथील अग्नी म्हणजेच जठरातील अम्ल, असे समीकरण मांडण्याचा मोह सहज होतो. परंतु ते इतिहासास धरून नाही.

जठररसातील हायड्रोक्लोरिक अम्ल प्राउट याने १८२४ मध्ये ओळखले. पेप्सिनचा शोध श्वान याने १८३६ मध्ये लावला. तत्पूर्वी, १८२२ मध्ये बंदुकीच्या जखमेमुळे ज्याचे जठर कायमचे उघडे राहिले, अशा एका रुग्णावर अमेरिकन शल्यवैद्य बोमाँट याने प्रयोग केले व १८३३ मध्ये ते प्रसिद्ध केले. कुपीत घेतलेला जठररस थंड ठेवल्यास अन्नावर त्याची क्रिया जवळजवळ थांबते आणि देहोष्णतेइतकी ऊब मिळताच ती सुरू होते, असे त्यास आढळले.

याच दिशेचे टोक १९६२ मध्ये गाठले गेले. मिनेसोटा विद्यापीठातील वँगेनस्टीन यांनी ग्रहणीव्रणाच्या रुग्णांच्या जठरात फुगा उतरवून त्यातून शून्याखाली सुमारे १७ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेले अल्कोहोल खेळविले. अम्लस्राव घटला, वेदना शमल्या व उपचार झपाट्याने पसरला. पुढे १६० रुग्णांवर तुलनात्मक परीक्षा झाली. तीत ७८ जणांच्या फुग्यातील द्रव देहोष्णतेचाच होता. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार खऱ्या उपचाराने ३४ टक्के, तर लटक्या उपचाराने ३८ टक्के रुग्णांस आराम पडला होता. उपचार मागे पडला.

त्वचेस लागणारी थंडी, कुपीतील रसास लागणारी थंडी आणि जठराच्या भिंतीस लागणारी थंडी हे तीन भिन्न विषय होत. वाग्भटाचे विधान पहिल्यासंबंधी आहे. थंडीत देहोष्णता राखण्यास अधिक ऊर्जा लागते, हे आजही मान्य आहे; तेव्हा हिवाळ्यातील वाढत्या भुकेचे त्याचे निरीक्षण अम्लाचा आधार न घेताही उभे राहते. हेमाद्रीच्या टीकेचे मोल तिच्या काळातील वैद्यकविचारात शोधावे. आधुनिक प्रयोगशाळेची साक्ष तिच्यावर लादल्यास ना तिचा गौरव होतो, ना विज्ञानाचा.