निकॉन ५८ एमएम एफ/१.४जी: शार्पनेस कमी, तरी आवडती का?

फास्ट प्राइम म्हणजे झूम नसलेली, मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स. निकॉनची ही लेन्स २०१३ मध्ये आली. ५८ ला १.४ ने भागा: अ‍ॅपर्चरचा व्यास साधारण ४१ मिलिमीटर. फोनमध्ये तो काही मिलिमीटरच असतो, म्हणून पोर्ट्रेट मोड सॉफ्टवेअरने ब्लर करतो आणि कधीकधी केसांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात.

एफ/१.४ वर फोटो मोठा करून बघितला तर ही लेन्स थोडी मऊच वाटते. टेस्ट चार्ट बघून मीही तिला नाकारलं होतं. मग दिवाळीत मित्राकडून आणून पणत्यांच्या उजेडात आजीचा फोटो काढला. डोळे स्पष्ट, कानापर्यंत ब्लर हळूहळू वाढलेला, मागच्या पणत्यांचे मऊ गोळे. आधीचा शार्प फोटो बघून आजी म्हणाली होती, ‘नुसत्या सुरकुत्याच दिसतायत.’ हा मात्र तिने फ्रेम करून मागितला.

लेन्स घेताना चार्ट बघाच, पण तिने काढलेले चेहरेही बघा.