गहुली वसवणारे आजोबा

माउली, आम्ही पुसदकडचे. वसंतराव नाईकांचं नाव आमच्याकडे पोट्ट्यासोट्ट्यांनाही ठाऊक. पण त्यांच्या आजोबांचं नाव विचारा, माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आम्हीही त्यातलेच होतो. म्हणून या अंकात चार ओळी त्या आजोबांसाठी.

चतुरसिंग राठोड हे बंजारा तांड्याचे नायक. बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर फिरणारे लोक. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, पुढे पक्क्या सडका झाल्या आणि बैलांवरचा व्यापार बसला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या माणसांनी आता थांबावं कुठं? आपण वारीला चालतो ते घर मागं ठेवून, परत यायचं असतं म्हणून. यांच्यामागं घरच नव्हतं.

चतुरसिंगांनी तांड्याचा मुक्काम टाकला तो कायमचा. तेच गहुली. तांड्यात भांडणतंटा झाला, सोयरीक अडली, तर नायकाकडंच यायचं. त्या मानावरून घराचं आडनावच नाईक झालं.

मुलगा फुलसिंग शेतीत रमले. नातू वसंतराव १ जुलै १९१३ रोजी गहुलीतच जन्मले. शाळेसाठी गावोगाव राहिले, वकील झाले, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. पुढे पुतणे सुधाकरराव १९९१ साली त्याच खुर्चीवर. एका तांड्यातून दोन!

वसंतरावांचा जन्मदिवस आता राज्यात कृषिदिन म्हणून पाळतात. बहुतेक सालीं त्या दिवशी आपली दिंडी वाटेवरच असते.