पाण्याने भिजलेली घरे सुकवण्याचे काम : कामाला लागण्याआधी काय माहीत असावे

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले आणि सावित्रीचे महाडमध्ये. पाणी ओसरल्यावर आजूबाजूच्या गावांतली पोरे फावडी-घमेली घेऊन उतरली, चिखल काढला, घरे धुतली. पण धुणे हे निम्मेच काम. भिंतीच्या आत, लादीखाली, लाकडात मुरलेले पाणी बाहेर काढणे हे उरलेले निम्मे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात या कामाचा स्वतंत्र धंदा आहे. ते करणाऱ्याला वॉटर डॅमेज रेस्टोरेशन टेक्निशियन म्हणतात. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिलिमीटर पाणी पडले, दुबईतल्या इमारतींचे तळमजले बुडाले. तेव्हापासून आखातात असलेल्या आपल्या कोकणी घरांनाही हे काम काय ते ठाऊक झाले असेल.

पुरापेक्षा फुटलेला पाईप, गळणारा गीझर, वरच्या मजल्यावरचा तुंबलेला संडास हेच जास्त असते. फोन रात्री दोनलाही येतो. पहिल्यांदा वीज बंद, मग पाणी कुठून येतेय ते बंद. त्यानंतर पंपाने आणि मोठ्या व्हॅक्यूमने साचलेले पाणी ओढायचे. भिंतीला मॉइश्चर मीटर लावून ओल कुठवर चढली ते बघायचे. पंखे आणि डीह्युमिडिफायर लावून साधारण तीन ते पाच दिवस खोली सुकवायची, आणि रोज जाऊन आकडे लिहायचे. ही वही फार महत्त्वाची. तिकडे पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी देते आणि ती वही मागते. वर्षभर मशीन उचलणारा पोरगा आणि वही नीट लिहिणारा पोरगा, यांतला दुसराच लवकर सुपरवायझर होतो.

घाई का, तर ओल राहिली की २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. पाण्याच्याही तीन कॅटेगरी आहेत. पहिली नळाचे स्वच्छ पाणी, दुसरी वॉशिंग मशीन वगैरेचे वापरलेले पाणी, तिसरी गटाराचे आणि नदीच्या पुराचे. पहिल्या कॅटेगरीचे पाणी दोन दिवस साचून राहिले तर ते पहिल्यातले राहत नाही. तिसऱ्यात गालिचा, गादी, जिप्सम बोर्ड असल्या वस्तू सुकवत बसायचे नाही, काढून टाकायच्या. घरमालक रडकुंडीला येतो, तरीही.

शिक्षण म्हणाल तर डिग्री लागत नाही. आयआयसीआरसी नावाची संस्था १९७२ पासून आहे. तिचा डब्ल्यूआरटी हा पहिला कोर्स साधारण तीन दिवसांचा असतो. त्याला आधीची कोणतीही अट नाही, शेवटी परीक्षा असते. पुढचा एएसडी कोर्स त्यानंतरच करता येतो. बऱ्याच कंपन्या हेल्पर म्हणून आधी घेतात आणि कोर्स नंतर स्वतःच्या खर्चाने करवतात. म्हणून पदरचे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

आता आपल्या पोरांच्या कामाची गोष्ट, जी जाहिरातीत नसते. गटाराच्या किंवा बुरशीच्या कामावर चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. अमेरिकेच्या ओशाच्या नियमानुसार जिथे मास्क चेहऱ्याला चिकटतो तिथे केस चालत नाहीत. दाढी असेल तर फिट टेस्टच होत नाही. पण दाढी काढणे हा एकच रस्ता नाही. बॅटरीच्या पंख्याने हवा देणारा, डोक्यावरून घालायचा सैल हुड मिळतो, तो दाढीवरही चालतो. तो महाग असतो, म्हणून नोकरी घेतानाच हा विषय काढा. साइटवर गेल्यावर भांडून उपयोग नाही, आणि मास्कशिवाय जाऊन फुप्फुसे खराब करण्यात तर मुळीच नाही. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. तिसऱ्या कॅटेगरीच्या कामाचे कपडे नजिस होतात, तेव्हा व्हॅनमध्ये एक पाक जोड ठेवला की नमाज कजा होत नाही. तिकडची जुनी घरे, विशेषतः १९७८ च्या आधीची, यांच्या रंगात शिसे असू शकते, भिंतीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. तपासणी झाल्याशिवाय भिंत कापू नका, मुकादम कितीही ओरडू दे.

“व्हिजिट व्हिसावर जा, तिथे काम लावून देतो” असे म्हणणाऱ्यापासून लांब राहा. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे, पकडला जातो पोरगा, एजंट नाही. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असते, आणि आखाती देशांत कामाला जायला एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. एजंटचे लायसन्स ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. नियमाप्रमाणे त्याची फी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त नाही. वालिदांनी जमीन गहाण ठेवण्याआधी हे दहा मिनिटांचे काम करावे.

बाहेर जायचेच नसेल तर? आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एसीचा ट्रेड चांगला पाया आहे, डीह्युमिडिफायर आतून एसीसारखाच चालतो. प्लंबरही चालेल. मात्र तिकडची पद्धत इथे जशीच्या तशी लावू नका. तिकडे लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड असतो, खालून दोन फूट कापला की आतली हवा मोकळी होते. आपल्याकडे जांभा, वीट, काँक्रीट. हे दगड पाणी आत धरून ठेवतात, सुकायला कितीतरी जास्त दिवस घेतात. वरून कोरडी दिसणारी भिंत मीटरवर ओलीच निघते आणि घाईने लावलेला रंग खारासकट सुटून येतो. साधा मॉइश्चर मीटर, चांगला डीह्युमिडिफायर आणि मीटरने मोजून “अजून रंग लावू नका” असे सांगणारा माणूस, एवढ्यावरही गिऱ्हाईक मिळते.

एक कौशल्य जाता जाता. भिजलेली कुरआन शरीफ, निकाहनामे, सात-बारा उन्हात पाने उलगडून टाकू नका, पाने चिकटतात, फाटतात. लगेच सुकवता येत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि नंतर सावकाश सुकवता येतात. मशिदीच्या कमिटीने हे पावसाळ्याआधी ठरवून ठेवावे, कुणाच्या घरचा फ्रीझर मोठा आहे तेही.

कामाला जायचे ठरले तर पहिल्या भेटीत एवढे विचारा : रात्रीच्या फोनचे पैसे वेगळे मिळतात का, मास्क आणि बूट कोण देणार, आठवड्यातून किती रात्री ड्युटी, जुम्म्याला तासभर सुटी मिळेल का. उत्तरे तोंडी नकोत, ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.