एक जीन वजा

पाणी शून्य अंशाला गोठतं, असं आपण शाळेत शिकतो. पण स्वच्छ पाण्याचे बारीक थेंब शून्याच्या बरेच खालीसुद्धा द्रव राहू शकतात. बर्फाची सुरुवात करून द्यायला कुणीतरी लागतं. शेतात हे काम अनेकदा स्यूडोमोनास सिरिंजी नावाचा जिवाणू करतो. त्याच्या अंगावरचं एक प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या रचनेत बसवतं. मग उणे दोन अंशांच्या आसपासच पानावरचं पाणी गोठतं, पेशी फुटतात, पीक जातं.

हे लक्षात आलं १९७०च्या दशकात, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये. रोगट मक्याच्या पानांची पूड फवारलेल्या रोपांना थंडी जास्त बाधत होती. या संशोधनातला स्टीव्हन लिंडो पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीला गेला. तिथे त्याने आणि निकोलस पानोपुलसने जिवाणूतला बर्फाचा जीन काढून टाकला. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर नवं फीचर काहीच नाही, फक्त जुना एक तुकडा डिलीट. हा जीन नसलेले जिवाणू निसर्गातही सापडतात. हेच आधी पानांवर फवारले, तर बर्फवाल्यांना जागा उरणार नाही, अशी कल्पना होती.

पण असा बदललेला जिवाणू तोवर अधिकृतपणे उघड्या शेतात कुणीच सोडला नव्हता. जेरेमी रिफ्किन कोर्टात गेला. पर्यावरणावरचा परिणाम नीट तपासलाय का, हा त्याचा प्रश्न रास्त होता. वॉटरगेट खटल्यामुळे गाजलेले न्यायाधीश जॉन सिरिका यांनी १९८४मध्ये प्रयोग थांबवला.

पुढच्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्ड जेनेटिक सायन्सेस या कंपनीने परवानगीआधीच ऑकलंडमधल्या आपल्या गच्चीवरच्या झाडांत हे जिवाणू टोचले. प्रकरण बाहेर आलं, दंड झाला. त्या झाडांचं काय झालं, यापेक्षा कंपनीने लपवलं काय, याचीच चर्चा झाली.

अखेर २४ एप्रिल १९८७ला ब्रेंटवूडमध्ये स्ट्रॉबेरीवर अधिकृत फवारणी झाली. आदल्या रात्री कुणीतरी शेतात घुसून रोपं उपटली होती, ती पुन्हा लावावी लागली. शास्त्रज्ञ ज्युली लिंडेमन नियमाप्रमाणे अंगभर बंद पोशाख आणि मास्क घालून फवारत होत्या. फोटोग्राफर थोड्याच अंतरावर साध्या कपड्यांत उभे होते. पण लोकांना दिसला तो अंतराळवीरासारखा पोशाख. इतकं सुरक्षित असेल तर हे कशाला, असं कुणालाही वाटेल!

काही दिवसांनी लिंडोच्या गटाने टुलेलेकमध्ये बटाट्यावर प्रयोग केला. थंडीचं नुकसान कमी झालं, जिवाणूही फारसे दूर पसरले नाहीत. तरीही ‘फ्रॉस्टबॅन’ हे उत्पादन बाजारात आलंच नाही.

इकडे मूळचा, बर्फ बनवणारा सिरिंजी मात्र मारून, वाळवून ‘स्नोमॅक्स’ नावाने विकला जाऊ लागला. स्कीइंगच्या उतारांवर कृत्रिम बर्फ पाडायला तो वापरतात. पीक गोठवणाऱ्याला नोकरी मिळाली, वाचवणारा फायलीत राहिला. शेतातल्या चाचणीत तो पास झाला होता. पण गच्चीवर गमावलेला विश्वास कुठल्याच शेतात परत उगवला नाही.