नियतकालिकांतील लेख आणि संदर्भाचे ऋण

नागपूरचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांच्या नावाने उभे आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या नावाची शाळा आणि महाविद्यालयही ह्याच शहरात आहे. हे संत लेखकांचे व पत्रकारांचे आश्रयदाते होत, ही गोष्ट मात्र २४ जानेवारीच्या सणाला एकदा कानांवर पडते आणि पुन्हा विस्मृतीत जाते. पोप अकरावे पायस ह्यांनी १९२३ साली त्यांना हा मान दिला, त्यामागे इतिहास आहे. १५९४ साली हे तरुण धर्मगुरू सव्हॉयमधील शाब्ले प्रांतात गेले, तेव्हा तेथील लोक कॅल्व्हिनपंथी झाले होते आणि प्रवचन ऐकण्यास फारसे कोणी येईना. तेव्हा त्यांनी आपले म्हणणे सुट्या कागदांवर लिहून काढले. ह्या पत्रकांच्या प्रती घरोघरी दारांखालून आत सरकविल्या जात.

संत १६२२ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत ही पत्रके ग्रंथरूपाने निघाली नाहीत. ती प्रथम १६७२ साली एकत्र छापली गेली आणि त्या छपाईत मूळ मजकुरात फेरफारही झाले. पुढे १८९२ पासून आनेसी येथे संतांचे समग्र वाङ्मय हस्तलिखितांशी ताडून प्रसिद्ध होऊ लागले. म्हणजे ‘संत फ्रान्सिस म्हणतात’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या प्रतीत म्हणतात, हेही सांगावे लागते. सुट्या पानांवरचे, अंकांतले आणि वर्तमानपत्रांतले लेखन पुढीलांच्या हाती कसे सोपवावे, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो महाविद्यालयीन प्रबंधांच्या तळटीपांचा, रुक्ष विषय वाटेल. पण आमच्या मते तो सत्याचा आणि न्यायाचा विषय आहे.

प्रथम नागपूरचेच एक उदाहरण घेऊ. स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आपल्या पंथाचे नव्हते. तथापि ह्या शहरावर त्यांचे ऋण मोठे आहे. नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म ह्यांवरील त्यांचा निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकाच्या ११ व्या खंडात, १८५५ साली प्रसिद्ध झाला. त्यावर त्यांच्याबरोबर रेव्हरंड रॉबर्ट हंटर ह्यांचेही नाव आहे. आज कोणी केवळ ‘हिस्लॉप’ एवढाच उल्लेख केला, तर हंटर ह्यांचे श्रम एका शब्दासरशी पुसले जातात. १८६३ साली हिस्लॉप पाण्यात बुडून मरण पावले. त्यांनी गोंड व इतर आदिवासींविषयी जमविलेले कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. प्रस्तावना आणि टीपा टेंपल ह्यांच्या, मूळ लेखन मात्र हिस्लॉप ह्यांचे. संदर्भ देताना लेखक कोण आणि संपादक कोण, हे वेगळे सांगितले नाही, तर मृत मनुष्याच्या कष्टाचे श्रेय हयात अधिकाऱ्याच्या पदरी पडते.

ह्याच टेंपल ह्यांचे पुत्र रिचर्ड कार्नॅक टेंपल पुढे ‘इंडियन अँटिक्वरी’ ह्या विख्यात मासिकाचे अनेक वर्षे संपादक होते. त्या मासिकाशी एक बोधप्रद हकीकत निगडित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्राध्यापक गोल्डनवायझर ह्यांच्या अभ्यासवर्गात, भारतातील जातींविषयी निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. ज्या महापुरुषाच्या १९५६ सालच्या दीक्षेने नागपूरचे नाव जगभर गेले, त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या लेखनापैकी हे एक. ह्या निबंधाचा संदर्भ असंख्य ठिकाणी ‘खंड ४१, मे १९१७’ असा दिलेला आढळतो. आता सुज्ञ वाचकांनी बोटांवर हिशेब करून पाहावा. जेम्स बर्जेस ह्यांनी हे मासिक मुंबईत १८७२ साली सुरू केले आणि दर वर्षाचा एक खंड निघत गेला. पहिला खंड १८७२ चा, तर एकेचाळिसावा १९१२ चा. १९१२ साली आंबेडकर अजून अमेरिकेस गेलेही नव्हते. ते १९१३ साली गेले. १९१७ चा खंड शेहेचाळिसावा ठरतो.

ही चूक कशी झाली असावी? मासिकाच्या खंडांचे क्रमांक रोमन अंकांत असत. त्या पद्धतीत ४६ लिहिताना चाळीस, पाच आणि एक अशी चिन्हे क्रमाने येतात. त्यांतले पाचाचे एक अक्षर गळले की ४६ चे ४१ होतात. कोणा एकाच्या हातून ते अक्षर सुटले असेल. त्याला फार दोष देता येणार नाही, कारण आमच्या हातूनही अशी अक्षरे सुटतात. दोष आहे तो पुढच्यांचा. मूळ अंक न उघडता त्यांनी आधीच्या पुस्तकातील टीप जशीच्या तशी उतरवून घेतली. ज्याने अंक स्वतः पाहिला नाही, त्याने पाहिल्याची साक्ष दिली. आमच्या धर्मात खोट्या साक्षीला मनाई करणारी आठवी आज्ञा आहे. ती न्यायालयाच्या पिंजऱ्यापुरतीच आहे, असे आम्हांस वाटत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातून संदर्भ घेतला असेल, तर त्या पुस्तकाचे नाव सांगून ‘तेथून उद्धृत’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही, प्रामाणिकपणा आहे.

आंबेडकरांच्या लेखनाच्या बाबतीत नागपूरने ह्या प्रामाणिकपणाचा मोठा आदर्शही घालून दिला आहे. नागपूरचे वसंत मून ह्यांनी महाराष्ट्र शासनातर्फे १९७९ पासून निघालेल्या आंबेडकर-वाङ्मयाच्या खंडांचे संपादन केले. ठिकठिकाणी विखुरलेली पाने मिळवून ती जतन करण्यात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. ‘मूकनायक’ १९२० साली आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली निघाले. ह्या पत्रांचे जीर्ण अंक पुन्हा छापले गेले, म्हणून आज विद्यार्थ्याला दिनांक आणि पृष्ठ पाहून संदर्भ देता येतो. अंकच उरला नसता, तर तळटीप कशाची देणार?

वर्तमानपत्रांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. एकाच नावाची पत्रे अनेक असतात. ‘तरुण भारत’ म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर १९४४ साली सुरू झालेले, ग. त्र्यं. माडखोलकर ह्यांनी नावारूपास आणलेले दैनिक येते. बेळगावकरांना मात्र बाबूराव ठाकूर ह्यांनी १९१९ साली काढलेले पत्र आठवते. आता योगायोग असा, की १९४६ साली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडखोलकरच होते. त्या संमेलनावर लिहिताना कोणी नुसते ‘तरुण भारत, १९४६’ असे लिहिले, तर वाचकाने कोणत्या गावच्या ग्रंथालयाची पायरी चढावी? ‘प्रबुद्ध भारत’ हे नावही असेच आहे. १८९६ साली निघालेले रामकृष्ण परंपरेचे इंग्रजी मासिक निराळे आणि आंबेडकरांच्या ‘जनता’ पत्राने १९५६ साली धारण केलेले ते नाव निराळे. म्हणून पत्राच्या नावापुढे गावाचे नाव द्यावे.

दैनिकाची व साप्ताहिकाची खरी ओळख त्याचा दिनांक ही होय. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर खटला झाला, तो ‘केसरी’च्या १२ मे आणि ९ जून ह्या अंकांतील लेखांवरून. लेखांवर लेखकाचे नाव नसले, तरी दिनांकामुळे ते आज शंभर वर्षांनंतरही नेमके काढून वाचता येतात. मासिकाला व त्रैमासिकाला मात्र वर्ष, अंक व महिना लागतो.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी आणि धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी लेखणी उचलणाऱ्या बंधुभगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे: आधी लेखकाचे नाव, तेही सर्व लेखकांचे, मग लेखाचे शीर्षक अवतरणचिन्हांत, मग नियतकालिकाचे नाव व गाव, मग वर्ष, अंक आणि महिना किंवा दिनांक, शेवटी पृष्ठे. लेख निनावी असेल, तर ‘अनामिक’ किंवा ‘संपादकीय’ असे स्पष्ट लिहावे, तर्काने कोणाचे नाव चिकटवू नये. ‘तत्रैव’ हा सोयीचा शब्द लगतच्या आधीच्या संदर्भापुरताच वापरावा. मध्ये दुसरी टीप घुसली की तो वाचकाला भलत्याच घरी नेतो. आता जुन्या अंकांची पाने संगणकाच्या पडद्यावर दिसतात, हे भाग्यच आहे. त्यामुळे मूळ पान न पाहण्याची सबब मात्र उरलेली नाही.

हे सारे आम्ही का सांगत आहोत? नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला, १९५३ साली महाधर्मप्रांत झाला. एवढ्या गोष्टी अधिकृत दप्तरांत मिळतात. पण सामान्य कुटुंबांचा इतिहास दप्तरांत नसतो. तो ‘निरोप्या’सारख्या १९०३ पासूनच्या मासिकात, शाळांच्या वार्षिकांत, एखाद्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील मृत्युवार्तेत असतो. कितीतरी घरांत आजोबांविषयीचे कात्रण वहीत जपून चिकटवलेले आम्ही पाहिले आहे. कागद पिवळा पडला आहे, मजकूर शाबूत आहे. परंतु पत्राचे नाव कापले गेले आहे आणि दिनांक कोणी लिहून ठेवलेला नाही. घरच्यांना त्यातील शब्द न् शब्द खरा वाटतो, आणि तो खरा असेलही. पण इतिहासकार त्यावर बोट ठेवू शकत नाही. प्रेमाने जपलेली साक्ष केवळ एका ओळीवाचून मुकी झाली.

ती ओळ लिहिण्यास अर्धा मिनिट लागतो. आज रात्री जेवणानंतर घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून ती वही काढावी. ज्या कात्रणांचे पत्र व साल त्यांना आठवते, ते त्यांच्या हयातीत पेन्सिलीने बाजूला लिहून घ्यावे, आणि ते कोणी सांगितले, हेही लिहावे. जेथे खात्री नसेल, तेथे प्रश्नचिन्ह करावे. ज्या संताने दाराखालून एकेक पान सरकवून सत्य सांगितले, त्यांच्या नावाच्या शहरातील धर्मग्रामांना ही सेवा शोभून दिसेल.